सवय शरीराला नव्हे, जंतूंना!

आपला माणूस रुग्णालयात दाखल असतो. इंजेक्शने चालू असूनही ताप हटत नाही. मग नातेवाईक म्हणतात, "याच्या अंगाला औषधाची सवय झाली." वस्तीतील रुग्णांसोबत जाताना आम्ही हे वाक्य नेहमी ऐकतो. पण हा गैरसमज आहे. अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात ते जंतू, शरीर नव्हे.

म्हणूनच ज्याने अशी गोळी कधी घेतली नाही, त्यालाही शेजारच्या खाटेवरील चिवट जंतू लागू शकतात. ते हातांवरून, नळ्यांवरून पसरतात.

हे घडते कसे? औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. हा गुण ते इतर जंतूंनाही देतात. पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल पारितोषिकाच्या भाषणात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. मेथिसिलीन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडले. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे.

साधे औषध हरले की महागड्या इंजेक्शनांची चिठ्ठी हाती पडते. हातावर पोट असलेले घर त्यात कर्जबाजारी होते.

मग आपण काय करावे? रुग्णाला भेटण्यापूर्वी व भेटल्यानंतर साबणाने हात धुवावेत. खाटेवर बसू नये. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. रक्त, लघवी किंवा पू 'कल्चर' तपासणीस पाठवला का, हे विचारावे. कोणते औषध लागू पडेल, हे त्यातून दोन-तीन दिवसांत कळते. लघवीची नळी व सलाईनची सुई अजून हवी आहे का, हेही विचारावे. नम्रपणे विचारणे हा आपला हक्कच आहे.

घरी परतल्यावर डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. उरलेली गोळी शेजाऱ्यांना देऊ नये. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. १ मार्च २०१४ पासून आपल्या देशात अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वहीत ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा चिठ्ठीशिवाय गोळी मागूच नये. आज वाया घालवलेले औषध उद्या आपल्याच लेकराला लागणार आहे.