व्यसनमुक्तीचे काम : अनुभवाला पदवीची जोड हवी

दारू सोडवणारा म्हणजे उपदेश करणारा, असा सातारा-सांगलीकडे अनेकांचा समज आहे. वास्तविक हा शिकून करण्याचा व्यवसाय आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' उभी केली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेली माणसेही प्रशिक्षण घेऊन समुपदेशक झाली.

पण नुसत्या अनुभवावर बढती अडते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व दोन वर्षांचे एम.फिल. सांगितले आहे. शिबिराचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. मोडीत काढले आहे. म्हणून पर्यायी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे फी भरण्यापूर्वी लेखी विचारावे.

मुलींसाठी जवळची वाट नर्सिंगची. मान्यताप्राप्त पदविका व परिचर्या परिषदेची नोंदणी असल्यास याच कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिका होता येते.

घरातले व्यसन घरातच झाकले जाते. त्या घरातील बाई परक्या पुरुषापुढे बोलत नाही. शिकलेल्या मुलीपुढे बोलेल. पालकांनी याचा विचार करावा.