मत द्या, पण उभे राहू नका

बॉस्निया-हर्झगोविना या देशाचे एक नागरिक आहेत देर्वो सेजदिच. त्यांना मतदानाचा हक्क आहे. मात्र देशाच्या अध्यक्षमंडळासाठी निवडणूक लढवण्याचा नाही. कारण एकच : ते रोमा आहेत.

१९९५ च्या डेटन कराराने तिथले युद्ध थांबवले आणि त्याच कराराबरोबर राज्यघटनाही दिली. अध्यक्षमंडळ तिघांचे, एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. राहिलेल्यांना घटनेत शब्द आहे ‘इतर’. सेजदिच आणि ज्यू समाजातले याकोब फिन्सी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. हा भेदभावच आहे, असा निकाल २२ डिसेंबर २००९ रोजी लागला. पुढे पंधरा वर्षे उलटली, तरी घटनेतली ती तरतूद कायम होती.

हे रोमा म्हणजे आपण ज्यांना जिप्सी म्हणून ओळखतो ते लोक. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले. आजही ते पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. युरोपात त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास मानली जाते, पण बहुसंख्य ते कुठल्याच देशात नाहीत. विखुरलेल्या समाजाने आपला माणूस निवडून आणायचा कसा?

उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्येमधल्या शुतो ओरिझारी या भागात रोमांची दाट वस्ती आहे. तिथे साध्या मतदानातूनच रोमा महापौर होतो. वस्ती विरळ असेल तिथे मात्र कायद्याचा आधार लागतो. स्लोव्हेनियात २००२ पासून वीस नगरपालिकांत रोमांचा एक नगरसेवक कायद्यानेच ठरलेला आहे. रुमानियात मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांच्या संघटनेला, किमान मतांची अट पुरी केली की, संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागा मिळते. पण गंमत अशी, की काही हजार वस्तीच्या समाजाला एक आणि २०११ च्या जनगणनेत सव्वासहा लाखांच्या जवळ गेलेल्या रोमांनाही एकच!

हंगेरीत २०१४ पासून अल्पसंख्याकांच्या यादीला थोड्या मतांतही खासदार मिळू शकतो. तेवढीही मते पडली नाहीत, तर यादीतला पहिला उमेदवार ‘प्रवक्ता’ होतो. त्याला सभागृहात बोलता येते, मत देता येत नाही. शिवाय या यादीला मत देणाऱ्याला राजकीय पक्षाच्या यादीला मत देता येत नाही. सरकार कोणाचे यावे हे ठरवायचे, की आपला माणूस पाठवायचा, अशा पेचात मतदार सापडतो.

हा पेच आपल्याला अगदीच परका नाही. प्रतिनिधी कोणाचा आणि त्याला निवडणार कोण, हाच वाद १९३२ च्या पुणे कराराच्या मुळाशी होता. आपल्या विमुक्त जमातींवरचा गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण आहे. पण या प्रवर्गासाठी विधानसभेत राखीव जागा नाहीत.

म्हणून ‘अमुक समाजाला प्रतिनिधित्व दिले’ असे कुणी सांगितले, की मी तीन गोष्टी विचारतो. त्या माणसाला निवडणुकीला उभे राहता येते का? त्याला निवडणारे त्याच्याच समाजाचे आहेत का? आणि निवडून आल्यावर त्याच्या हाताला सभागृहात मत आहे का? यांतले एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर जे दिले ती खुर्ची आहे, अधिकार नव्हे.