सही मिळेल, पण हात बसेल काय?

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन भेटीस आले. मुलगी बेळगावला राहून डी. फार्म.ची दोन्ही वर्षे उत्तीर्ण झालेली. आता प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी तिला जागा हवी होती. "फादर, बाजारातल्या त्या औषधवाल्यांकडे तुमचा एक शब्द टाका. ते नुसती सही करून देतील, तोवर पोर सुगीला घरी राहील," असे ते म्हणाले. मागणी गरजेपोटी होती, तीत कपट नव्हते. तरीही तो शब्द मी टाकला नाही. त्यांस जे कारण सांगितले, तेच येथे मांडतो.

एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यास एक वर्षाची इंटर्नशिप बहुधा आपल्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात करावयाची असते. औषधशास्त्राच्या पदविकेचे तसे नाही. तेथे परीक्षेनंतर किमान ५०० तासांचे, आणि ३ महिन्यांहून कमी नव्हे असे, प्रशिक्षण घ्यावे लागते. ते सरकारी इस्पितळात, दवाखान्यात किंवा मान्यता असलेल्या परवानाधारक औषधदुकानात घेता येते. त्यासाठी प्राचार्यांकडे अर्ज करून कराराचा नमुना भरावयाचा असतो. हे पूर्ण झाल्यावाचून पदविका हाती पडत नाही. म्हणूनच कित्येक घरांत या प्रशिक्षणाकडे केवळ एक कागद म्हणून पाहिले जाते.

परंतु त्या ५०० तासांत काय शिकावयाचे असते, याचा विचार करा. डॉक्टरांची चिठ्ठी वाचणे व मात्रा पडताळून पाहणे. उच्चारात सारखी, परंतु गुणात भिन्न अशी औषधे ओळखणे. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानात जपणे. क्षयरोगाची औषधे व काही प्रतिजैविके दिल्यावर त्यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती वही ३ वर्षे सांभाळणे. ग्रंथ वाचून हे समजते, पण हात बसतो तो कामावरच. गोळी सकाळची की रात्रीची, हे दुकानात उभ्या असलेल्या निरक्षर आजीला समजेल अशा शब्दांत सांगणे हीदेखील विद्याच आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलासाठी मी अशीच चिठ्ठी दिली होती. त्याला सही मिळाली, शिक्षण मिळाले नाही. पहिल्याच नोकरीत चिठ्ठी वाचताना तो चाचरू लागला. नशिबाने कोणास इजा झाली नाही. परंतु महिन्याभरात तो खाली मान घालून घरी परतला. त्यात अर्धा दोष माझा होता.

यास्तव जागा शोधताना विद्यार्थ्याने प्रथम प्राचार्यांस भेटून कोणती ठिकाणे मान्य आहेत हे विचारावे. पाठोपाठ तालुक्याच्या सरकारी इस्पितळाची चौकशी करावी, कारण तेथे नाना तऱ्हेचे रुग्ण येतात. औषधवाल्यांकडे गर्दीच्या वेळी जाऊ नये. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, अर्ज घेऊन स्वतः जावे. तेथे तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणीकृत फार्मासिस्ट दिवसभर हजर असतात काय? त्यांच्या देखरेखीखाली मला चिठ्ठ्या हाताळू देतील काय? नोंदवह्या दाखवतील काय? जो पैसे घेऊन सही देऊ करील, त्याच्या दारातून मागे फिरावे. ओळखीपाळखी नाहीत म्हणून गावच्या मुलांनी खचू नये. नम्रपणे विचारणाऱ्यास एका दारी नकार मिळाला, तरी दुसरे दार असते.

मायबापांसही एक विनंती आहे. सुगीचे दिवस ओढीचे असतात, हे मी जाणतो. तथापि ही मुलगी उद्या ज्यांच्या हाती औषध ठेवील, ती आपल्यासारख्याच घरांतली माणसे असतील.

माझे बोलणे संपल्यावर ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मुलगीच हळूच म्हणाली, "बाबा, उद्या इस्पितळात मी स्वतःच जाऊन विचारू?" त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "जा. भात कापायला मी शेजारच्यांना बोलावतो."