नमुना नेला, पुढे काय झालं?

मुंबईहून अहमदाबादकडे निघालं की वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडल्यावर थोड्या वेळात चिंचोटी लागते. इथून एक रस्ता कामणवरून भिवंडीला जातो, तर दुसऱ्या बाजूला जूचंद्र आणि नायगाव. या फाट्याजवळ माझं नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे. सकाळी बटाटेवडे, उसळपाव, पोहे आणि दिवसभर चहा. गिऱ्हाईक सगळं रस्त्याचं. गुजरातकडून आलेले ट्रकवाले, भिवंडीच्या गोदामांत कामाला जाणारी मुलं, पावसाळ्यात धबधब्याच्या ओढीने आलेली शहरातली पोरं. यातली बहुतेक माणसं एकदा येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. त्यांना माझं नाव माहीत नाही, मला त्यांचं नाही. तरी ती माझ्या कढईतलं खातात. हा भरवसा कुठून येतो आणि तो टिकवायचं काम कुणाचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे आदिवासी बायका डोंगरातून शेवळं ही रानभाजी घेऊन रस्त्याकडेला बसतात. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, जीव नकोसा होतो. म्हणून ती बाई जुडीबरोबर काकडं ही आंबट फळंही देते आणि भाजीत ती किती घालायची तेही सांगते. तिचं शेवळं कुठल्या प्रयोगशाळेत जात नाही. वर्षानुवर्षं तीच बाई त्याच वळणावर बसते. भाजी खाजली तर दुसऱ्या दिवशी तिला विचारता येतं, आणि हे तिलाही ठाऊक असतं. महामार्गावर ही ओळख नसते. पोटात दुखायला लागतं तेव्हा माणूस मनोरच्या पुढे गेलेला असतो. ओळखीची ही रिकामी जागा सरकारने भरायची, त्यासाठीच तपासणी आहे.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा, तो लागू झाला 5 ऑगस्ट 2011 रोजी. त्याआधी 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, ज्याला आम्ही धंदेवाले सरळ ‘एफडीए’ म्हणतो. प्रत्येक खाद्यव्यावसायिकाला 14 आकडी क्रमांक मिळतो. तो 1 ने सुरू होत असेल तर परवाना, 2 ने होत असेल तर लहान धंद्याची नोंदणी. माझा 2 ने सुरू होतो आणि गल्ल्याच्या वर लावलेला आहे. पण गिऱ्हाइकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: हा क्रमांक म्हणजे सरकारने माझं स्वयंपाकघर पाहिल्याची पावती नव्हे. लहान धंद्याची नोंदणी अर्जावर आणि आपण दिलेल्या हमीवर होऊ शकते. क्रमांकामुळे एवढंच होतं की काही बिघडलं तर जबाबदार कोण ते सापडतं. ही गोष्टही लहान नाही.

खरी तपासणी नमुन्यापासून सुरू होते, आणि तिची पद्धत लोकांना माहीत असायला हवी. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतो, विश्लेषणासाठी नमुना घेत असल्याची लेखी नोटीस देतो आणि घेतलेल्या मालाचे पैसे मोजतो. फुकट नेण्याचा अधिकार त्याला नाही. नमुन्याचे चार भाग करून ते सीलबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन्ही अहवाल जुळले नाहीत तर राखलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिचा निकाल अंतिम धरतात. अधिकाऱ्याने आकसाने त्रास दिला तर त्यालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्याविरुद्ध खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंड आहे. कायदा दुकानदारावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, अधिकाऱ्यावरही नाही. कागदावरची ही रचना मला मनापासून चांगली वाटते.

अडचण पुढे आहे. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर बातम्या येतात: अमुक ठिकाणी छापा, तमुक किलो खवा जप्त, नमुने प्रयोगशाळेत रवाना. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस मोजले तर ते 14 दिवसांच्या निम्मेही भरत नाहीत. अहवाल येतो तेव्हा पेढे खाऊन संपलेले असतात, आणि त्या अहवालाची बातमी मला तरी क्वचितच वाचायला मिळते. नमुना नापास झाला तर अहवाल दुकानदाराकडे जातो, त्याला 30 दिवसांत अपील करता येतं. ज्याने ते खाल्लं, त्याला मात्र काहीच कळत नाही. पास झालेल्या दुकानाची बातमीही गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, आणि प्रामाणिक धंदेवाल्यांचं यात फार नुकसान होतं. छाप्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे शंका साऱ्या बाजारावर राहते. मग लोक आपल्या मनाने निकाल लावतात. कुणी म्हणतं सगळंच भेसळीचं आहे, कुणी म्हणतं पाकीट पोचलं असणार. निकाल लोकांसमोर मांडला नाही की अफवा पसरायला वेळ लागत नाही.

आकड्यांचंही तसंच. 2011 साली देशभरात दुधाचे 1,791 नमुने तपासले, त्यांपैकी 68.4 टक्के निकषांत बसले नाहीत. ‘देशातलं दोन तृतीयांश दूध भेसळीचं’ हे वाक्य तेव्हापासून घराघरांत गेलं, अजून ते माझ्या टेबलांवर ऐकू येतं. पुढे 2018 मध्ये 6,432 नमुन्यांचं मोठं सर्वेक्षण झालं, त्याचा अहवाल ऑक्टोबर 2019 मध्ये आला. त्यात 93 टक्के दूध सुरक्षित आढळलं आणि जिवाला धोका करणारी भेसळ फक्त 12 नमुन्यांत निघाली. त्याच सर्वेक्षणात सुमारे 41 टक्के नमुने स्निग्धांशासारख्या एखाद्या गुणवत्तेच्या निकषात कमी पडले होते. म्हणजे दूध पातळ होतं, पण विषारी नव्हतं. कायद्याने हा फरक स्पष्ट केलेला आहे. कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत दंड, मिथ्याछाप म्हणजे लेबल खोटं असलेल्या मालाला तीन लाखांपर्यंत. असुरक्षित अन्नाला तुरुंगवास आहे, आणि अशा अन्नाने कुणी दगावलं तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. बातमीत मात्र तिन्हींना ‘भेसळ’ म्हणतात. पाणी घातलेलं दूध विकणारा माझी फसवणूक करतो आणि त्याला दंड झालाच पाहिजे. पण त्याच्यामुळे आईने लेकराला दूध द्यायचं बंद केलं, तर ते नुकसान दंडाने भरून निघत नाही.

पनीरचंही असंच आहे. मार्च 2025 मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीर थेट विधानसभेत नेऊन दाखवलं, तेव्हा माझ्याकडे पनीर नसतानाही गिऱ्हाइकं मला पनीरबद्दल विचारत होती. वनस्पती तेल वापरून केलेला असा पदार्थ पर्यायी पदार्थ म्हणून, तसं लेबल लावून विकला तर चालतो. पनीर म्हणून खपवला तर तो गुन्हा. हॉटेलातल्या ताटात लेबल नसतं, म्हणून सगळी मदार तपासणीवर येते.

तपासणारेही तपासले जायला हवेत, हे मॅगीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला शिशाचं प्रमाण 17.2 पीपीएम आढळलं. मर्यादा 2.5 ची होती. जून 2015 मध्ये देशभर बंदी आली. 13 ऑगस्टला न्यायालयाने ती उठवली. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी घातली त्यांना कायद्याला लागणारी मान्यता नव्हती. मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथे पुन्हा चाचण्या झाल्या, शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये माल दुकानांत परतला. यावरून कंपनी साधी की सरकार साधं, हा वाद मला घालायचा नाही. मान्यता नसलेल्या ठिकाणी केलेली चाचणी खरी असली तरी न्यायालयात टिकत नाही, आणि ती एकदा पडली की पुढच्या दहा खऱ्या चाचण्यांवरही लोकांचा विश्वास राहत नाही. प्रयोगशाळांवर खर्च करायला हवा तो यासाठी.

सरकारचा एक नियम मात्र मला फार आवडतो, तो बर्फाचा. मासे टिकवायला वापरतात तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही, आणि तोच सरबतात, उसाच्या रसात, गोळ्यात जाताना दिसायचा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 1 जून 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायला लावला. खाण्याचा बर्फ पांढरा, बाकीचा निळा. नायगावच्या बाजारात मासे घेणाऱ्या बाईला हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. रसाच्या गाडीवर निळी लादी दिसली तर पोरगंसुद्धा ओरडेल. नियम पाळला जात नसेल तर तेही उघड दिसतं, सगळाच बर्फ पांढरा असतो. वर्तमानपत्रात वडे बांधून देण्याला असलेली मनाई अशीच उघड दिसणारी आहे. आमच्या नाक्यावर ती अजून सगळीकडे पोचलेली नाही, पण गिऱ्हाइकांनी कागद नको म्हणायला सुरुवात केल्यावर शेजारच्या दोन गाड्यांवर पानं आणि साधे कोरे कागद आले.

तळणाच्या तेलात बाहेरून काही दिसत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं वाढतात, ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. ते मोजायचं यंत्र असतं, माझ्याकडे नाही, गिऱ्हाइकाकडेही नाही. मी काळपट झालेलं, फेसाळणारं तेल काढून टाकते आणि कढई घासून नवं ओतते. मी असं करते याचा पुरावा गिऱ्हाइकासाठी माझ्या शब्दाशिवाय काही नाही. म्हणून अधिकाऱ्याने यावं, यंत्र बुडवावं आणि आलेला आकडा तारखेसह माझ्या भिंतीवर लावून जावं, असं मला मनापासून वाटतं. वाईट आला तर वाईट लावावा.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात काही गोष्टी आहेत, त्या फार कमी जणांना माहीत असतात. कुणीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की तपासायला देणार असल्याचं घेतानाच दुकानदाराला सांगायचं. दोष निघाला तर फी परत मिळते. प्रशासनाचा तक्रारीसाठी निःशुल्क क्रमांक आहे, 1800-222-365. तक्रार करताना बिल, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि दुकानाचा 14 आकडी क्रमांक द्यावा, उरलेला पदार्थ फेकू नये. तिसरी गोष्ट माहितीच्या अधिकाराची. 2005 च्या कायद्याखाली दहा रुपयांची फी भरून प्रशासनाला विचारता येतं: गेल्या दिवाळीत आमच्या वसई तालुक्यात किती नमुने घेतले, कुठल्या पदार्थांचे घेतले, अहवाल कोणत्या तारखांना आले, किती कमी दर्जाचे आणि किती असुरक्षित निघाले, आणि त्यांपैकी किती प्रकरणांत दंड वसूल झाला. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. आमच्या बचत गटातल्या बायकांनी असा अर्ज करायचं ठरवलं आहे. त्यात आम्ही आणखी एक प्रश्न घातला आहे: पास झालेल्या दुकानांची नावं लोकांना कुठे वाचायला मिळतील?