गाडी कधी वाजते?

घरून निघाल्यापासून खडखडणारी गाडी गॅरेजच्या दारात शिरली की गप्प होते. मालक ओशाळतो, मिस्त्री हसतो आणि ‘आवाज पुन्हा आला की आणा’ असं ठरून गाडी परत जाते. यात गाडीचा खोडसाळपणा काही नाही. आवाज व्हायला झिजलेला किंवा सैल झालेला भाग लागतो, तसाच त्याला हलवणारा रस्ता, वेग, वजन किंवा ऊनही लागतं. गॅरेजच्या फरशीवर यातलं काहीच नसतं. म्हणून माग काढायचा तर ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. तो कधी येतो आणि काय केलं की जातो, हे आधी विचारावं.

‘कुठून’च्या बाबतीत कान हमखास फसतो. आवाज डावीकडून आला की तो डाव्या कानाला उजव्यापेक्षा किंचित आधी पोचतो आणि किंचित मोठा ऐकू येतो. त्यावरून मेंदू दिशा ठरवतो, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १९०७मध्ये मांडलं. काचा लावलेल्या गाडीत मात्र हे गणित बिघडतं. १०० हर्ट्झच्या जाड घरघरीची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दुप्पट. ती आत सगळीकडून आल्यासारखी वाटते. शिवाय आवाज पोलादातून हवेपेक्षा जवळपास १५ पट वेगाने धावतो. मागच्या चाकाजवळची कुरकुर पत्र्यातून सरकत येते आणि पुढच्या दारातून बाहेर पडते. मग मागे बसलेले म्हणतात पुढून येतो, पुढचे म्हणतात मागून.

‘कधी’चं उत्तर मिळवायला खर्च नाही. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. आवाज आला तर दोष इंजिन, पट्टा, अल्टरनेटर किंवा सायलेन्सरकडे असण्याची शक्यता जास्त. चालत्या गाडीतच येत असेल, तर सरळ, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा. इंजिन बंद करू नका. इंजिनचे फेरे उतरले तसा आवाजही उतरला, तर तो इंजिनचा. वेग तोच आणि आवाजही तोच राहिला, तर खाली चाकांकडे पाहा. एवढ्यावर अर्धी गाडी संशयातून सुटते.

उरलेली अर्धी सोडवायला वर्धा जिल्ह्यातले रस्ते फार कामाचे. येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढलं की गाडी डांबरावरून काँक्रीटवर येते. महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. टायरची पकड राहावी म्हणून काँक्रीटवर बारीक खाचा ओढलेल्या असतात आणि त्यांवरून टायर घूं करत जातो. काँक्रीटच्या रस्त्याला सर्वसाधारणपणे साडेचार मीटरवर आडवा सांधाही असतो. ताशी १२० किलोमीटरने सेकंदाला सात सांधे चाकाखालून जातात. हे आवाज डांबरावर उतरताच गेले किंवा बदलले, तर ते रस्त्याचे आणि टायरचे. दोन्हीकडे तीच घरघर राहिली आणि वेगाबरोबर चढत गेली, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. खात्रीसाठी मोठ्या, सावकाश वळणाकडे कान द्या. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं.

टकटक असेल तर ती मोजायची. लहान कारच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी १३ किलोमीटरच्या रांगत्या वेगात चाक सेकंदाला दोन फेऱ्या घेतं. सेकंदाला दोन टिक आल्या, तर चाकाच्या फेरीला एक टिक पडते आहे. गाडी थांबवून टायरच्या नक्षीत बोट फिरवा; अडकलेली गिट्टी किंवा खिळा सापडेल. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जीपगाड्यांत मधला लांब दांडा चाकाच्या जवळपास चौपट फिरतो, त्यामुळे त्याचा ठोकाही तितका घाईचा. गिअर टाकताना, क्लच सोडताना खालून ‘ठक्’ असा दणका आला, तर मिस्त्री थेट त्या दांड्याच्या सांध्यातला ‘क्रॉस’ हलवून बघतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या कारमध्ये स्टिअरिंग पुरतं वळवून निघताना कटकट झाली, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघावा लागतो. म्हणूनच इकडचा जाणता मिस्त्री बोनेटला हात लावण्याआधी विचारतो, ‘दादा, आवाज सदा येऊन राहिला, का वळतानाच येते?’

सस्पेन्शनची परीक्षा घ्यायला गावातले गतिरोधक आणि शेताकडच्या पांदण रस्त्यांइतकी चांगली जागा नाही. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ताही वर-खाली करून ठेवते. अशा रस्त्यावर हळू जाताना चाकागणिक ‘टुक् टुक्’ आलं, तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपच्या वरचं माउंट तपासतात. लिंक रॉड बोटाएवढ्या जाडीची सळई असते, दोन्ही टोकांना गोळा. मिस्त्री खाली सरकतो, सळई मुठीत धरून जोरात हलवतो. सांध्यावर दुसऱ्या हाताचं बोट टेकलेलं असतं. ढिला गोळा कानाला कळण्याआधी बोटाला कळतो. त्याआधी एक काम मालकानेच करावं: डिकीतला जॅक, पान्हा, सीटखालची बाटली आणि दाराच्या कप्प्यातली चिल्लर काढून, स्टेपनीचा नट आवळून एक फेरी मारावी. बरेच ‘सस्पेन्शनचे’ आवाज इथेच संपतात.

मग येतो मे महिना. पारा ४५च्या पुढे गेल्यावर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात तापू शकतो. प्लास्टिक पोलादापेक्षा कित्येक पट जास्त प्रसरण पावतं. सांध्यांत ते एकमेकांवर दाबलं जातं आणि चिकटत-सुटत सरकताना करकरतं. व्हायोलिनची तार गजाखाली अशीच चिकटते, सुटते आणि वाजते. त्या तारांच्या कंपनांवर भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९१८मध्ये मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याआधी काही काळ ते शेजारच्या नागपुरातच सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते. अशी करकर एसी लावून आतली हवा थंड झाल्यावर थांबली, तर इंजिन खोलायला देऊ नका; क्लिप आणि फटीत फेल्टची पट्टी एवढ्यावर भागतं.

उभ्या गाडीतल्या खणखणीचा एक नेहमीचा आरोपी म्हणजे सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर फिरणाऱ्या चार सिलेंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. सैल पत्र्याची स्वतःची थरथर त्या तालाशी जुळली की तो वाजतो, रेस दिली की गप्प होतो. सायलेन्सर पूर्ण थंड असताना त्यावर मूठ मारली तरी तो सापडतो.

काही आवाजांना मात्र तपासाची सवड देऊ नये. ब्रेकच्या पॅडवर अनेक गाड्यांत पोलादाची छोटी जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासून किंचाळते. तेव्हा लवकर पॅड बदलावं. पावसाळी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते आणि आपोआप जाते. पण प्रत्येक ब्रेकला धातूवर धातू रगडल्याचा आवाज येत असेल, घरघरीबरोबर चाक हलत असेल किंवा स्टिअरिंगमध्ये ठोके बसत असतील, तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला बोलवावं.

बाकी वेळी मालकाने चार ओळी लिहून न्याव्यात: कोणता रस्ता, किती वेग, गाडी थंड की गरम, वळताना की ब्रेक लावताना. मिस्त्रीला शेजारी बसवून आवाज येणाऱ्या रस्त्यावर घेऊन जावं. एका वेळी एकच भाग बदलावा. तीन बदलले तर आवाज जाईलही, पण दोष कशाचा होता हे कळणार नाही आणि पैसे तिन्हींचे जातील. काम झाल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने एक फेरी मारून यावं आणि बिल त्यानंतर चुकतं करावं.