थंडीत पिकाची मुळे

पौष महिन्यात आपण खारदांड्याची माणसे पहाटे चादर ओढून घेतो. पण आपली थंडी ती केवढी! शेजारी समुद्र आहे. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. म्हणून रात्री आपल्याला ऊब मिळते.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला समुद्र नाही. तिथे काही हिवाळ्यांत पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. शेतात गहू असतो, द्राक्षे असतात. शेतकऱ्याची वर्षाची कमाई तिथे उघड्यावर उभी असते. माणूस घोंगडी घेईल, पिकाने काय करावे?

थंडीने पाने करपली तर ती आपल्याला दिसतात. मुळे दिसत नाहीत. पण पिकाला पाणी पाजतात ती मुळेच. जमीन गार झाली की त्यांचे काम मंदावते.

असे का होते? मूळ हे बारीक बारीक पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्या पडद्यात तेलासारखा स्निग्ध अंश असतो. आता घरातली बाटली आठवा. थंडीत खोबरेल थिजते, शेंगदाण्याचे तेल पातळ राहते. मुळाच्या पडद्याचेही तसेच आहे. तो ताठरला की पाणी आत घेणे जड जाते.

गहू यावर उपाय करतो. थंडी हळूहळू वाढू लागली, की तो पडद्यातला थिजणारा अंश कमी करतो आणि पातळ राहणारा वाढवतो. पेशींत साखरही साठवतो. मात्र या तयारीला काही दिवस लागतात. एकाएकी कडाका पडला तर गव्हालाही ते जमत नाही. भात तर उबदार हवेचे पीक. त्याला ही तयारी फारशी साधत नाही. म्हणून उन्हाळी भाताची रोपे डिसेंबर-जानेवारीत पिवळी पडतात.

अशा वेळी माणसाने हात द्यावा लागतो. हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते पाणी शेताला दिले की माती ओली होते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश निवते. समुद्र आपल्याला ऊब देतो, तेच काम शेतात हे पाणी करते. निफाडकडचे बागाईतदार थंडीच्या रात्री द्राक्षांना पाणी देतात, बागेत शेकोट्याही पेटवतात.

पाणी बेतानेच द्यावे, बरे का! ते तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती गुदमरतात.

गावाकडे ज्यांची शेती आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: थंडीत पानांबरोबर मुळांचीही काळजी घ्यावी.