उंबरठ्याबाहेरचे माजी विद्यार्थी

अमेरिकेत शरद ऋतू आला की शनिवार हा एका निराळ्याच उत्सवाचा दिवस ठरतो. सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तेथील विद्यापीठांचे फुटबॉल संघ दर आठवड्यास एकमेकांशी झुंजतात. हा फुटबॉल म्हणजे आपल्या गोव्याच्या मैदानांवर रंगतो तो नव्हे. लंबगोल चेंडू हाती धरून, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून खेळावयाचा तो एक रांगडा खेळ आहे. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात १,०७,००० हून अधिक माणसे एका वेळी बसतात, आणि लाखावर आसने असलेली क्रीडांगणे त्या देशात आणखीही आहेत. विद्यार्थ्यांचे सामने पाहावयास एवढा जनसमुदाय लोटावा हे नवल खरेच. परंतु त्याहून मोठे नवल असे की, विद्यापीठाच्या रंगाचे कपडे घालून बसलेल्या या समुदायातील कितीतरी माणसांनी त्या विद्यापीठाच्या वर्गात कधी पाऊल टाकलेले नसते. त्यांच्यापाशी तेथील पदवी नाही, त्यांची मुलेही तेथे शिकत नाहीत. तरीही पराभव झाला की त्यांच्या घरात त्या रात्री सुतकी कळा पसरते आणि विजय झाला की ‘आम्ही जिंकलो’ असे ते म्हणतात.

या ‘आम्ही’ची टिंगल करणारे तेथे पुष्कळ आहेत. मिशिगनच्या संघाला वुल्व्हरीन म्हणतात. तेव्हा तेथे न शिकलेल्या चाहत्यांना प्रतिस्पर्धी ‘वॉलमार्ट वुल्व्हरीन’ म्हणून हिणवतात. विद्यापीठाशी यांचा संबंध एवढाच, की यांनी बाजारातून त्याच्या नावाचा सदरा विकत घेतला, असा त्यातील डंख. घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणाऱ्यांची चेष्टा आपल्याकडेही होतेच. परंतु ही माणसे त्या उंबरठ्याबाहेर का उभी राहिली आणि उंबरठ्याच्या आत असलेल्यांनी त्यांना काय दिले, हे प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखे नाहीत.

या चाहत्यांची सर्वांत जुनी आणि प्रसिद्ध जमात नोत्र दाम विद्यापीठाची. इंडियाना राज्यात साउथ बेंड गावाजवळ १८४२ मध्ये एका फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूने ही संस्था स्थापन केली. पुढील ऐंशी वर्षांत आयर्लंड, इटली, पोलंड या देशांतून लक्षावधी कॅथलिक माणसे अमेरिकेत उतरली. गोदीत ओझी वाहावी, खाणीत उतरावे, श्रीमंतांच्या घरी मोलकरीण म्हणून राबावे, हे त्यांचे जिणे होते. प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या त्या देशात त्यांच्या धर्माकडे संशयाने पाहिले जाई. १९२० नंतरच्या दशकात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे इंडियानात मोठे प्राबल्य होते आणि कृष्णवर्णीयांबरोबर कॅथलिक व ज्यू हेही तिच्या द्वेषाचे धनी होते. मे १९२४ मध्ये साउथ बेंड येथे क्लॅनचा मेळावा भरला तेव्हा नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि हातघाई झाली. त्याच मोसमात नोत्र दामचा संघ अजिंक्य राहिला, आणि १ जानेवारी १९२५ रोजी त्याने रोझ बोल सामन्यात स्टॅनफर्डला २७ विरुद्ध १० असे नमवले. हा योग त्या कष्टकऱ्यांच्या मनावर केवढा ठसला असेल, हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही.

१९२५ पासून १९४६ पर्यंत जवळजवळ दरवर्षी वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीशी नोत्र दामचा सामना न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये होत असे. इंडियाना शेकडो मैल दूर. परंतु न्यू यॉर्कचा कॅथलिक कामगार पाच सेंटांचे तिकीट काढून भुयारी रेल्वेने क्रीडांगण गाठी आणि आपल्या संघासाठी घसा कोरडा करी. त्यावरून या मंडळींना ‘सबवे अ‍ॅलम्नाय’, म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी, हे नाव पडले. नावात विनोद आहे, तसेच एक दुखणेही आहे. ज्यांना महाविद्यालयाचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, त्यांनी निदान रेल्वेच्या भाड्याएवढा तरी त्यात वाटा मिळवला होता. संघाचा थोर प्रशिक्षक नूट रॉक्नी हा जन्माने नॉर्वेचा आणि पंथाने ल्यूथरन. १९२५ मध्ये तो कॅथलिक झाला. म्हणजे बाहेरून येऊन आतला झालेला माणूसच या बाहेरच्यांचा नायक होता. ‘फायटिंग आयरिश’ या नावात झोंबण्यासारखे पुष्कळ होते, तरी १९२७ मध्ये विद्यापीठाने तेच अभिमानाने आपले म्हणून स्वीकारले. पुढल्याच वर्षी अल स्मिथ हा कॅथलिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडला; प्रचारात त्याच्या धर्मावर नाना तऱ्हांनी चिखलफेक झाली होती. कॅथलिक माणूस व्हाइट हाऊसमध्ये पोहोचण्यास १९६० साल उजाडावे लागले. त्या मधल्या काळात मतपेटीने जे दिले नाही, ते शनिवारचा सामना थोडाबहुत देत होता. अशा निष्ठेला वेड म्हणणाऱ्याने स्वतः कधी अपमान सोसलेला नसावा.

या चित्रातही एक कोपरा अंधाराचा आहे. नोत्र दामच्या पदवीवर्गांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. विद्यापीठाच्या विजयासाठी जपमाळ ओढणाऱ्या माउलींची निष्ठा संस्थेला एवढी वर्षे चालत होती. त्यांच्या लेकी मात्र वर्गात चालत नव्हत्या.

दक्षिणेतील अलाबामा राज्यात हा अंधार फार गडद होता. यादवी युद्धातील पराभव आणि त्यानंतरचे दारिद्र्य यांनी ग्रासलेल्या त्या प्रदेशाकडे उत्तरेकडील लोक तुच्छतेने पाहत. १ जानेवारी १९२६ रोजी अलाबामा विद्यापीठाच्या संघाने रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला अवघ्या एका गुणाने, २० विरुद्ध १९ असे हरवले. संघ आगगाडीने परतू लागला तेव्हा वाटेतील स्थानकांवर माणसांची दाटी झाली. विद्यापीठ म्हणजे काय हे ज्यांनी दुरूनही पाहिले नव्हते, त्यांनाही हा विजय आपल्या मातीचा वाटला. पुढे पॉल ‘बेअर’ ब्रायंट याच्या कारकिर्दीत, म्हणजे १९५८ ते १९८२ या काळात, हा संघ त्या राज्याचा जणू कुलदेवच होऊन बसला.

परंतु ‘आपले विद्यापीठ’ या शब्दांतील ‘आपले’ म्हणजे नेमके कोण? ऑथरीन ल्यूसी ही कृष्णवर्णीय तरुणी फेब्रुवारी १९५६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तेथे शिकावयास गेली. जमावाने दंगल माजवली आणि काही दिवसांतच विद्यापीठाने, दंगलखोरांना नव्हे, तिलाच बाहेर काढले. ११ जून १९६३ रोजी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले, ते व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवण्यासाठी. केंद्र सरकारने नॅशनल गार्ड धाडले तेव्हाच ते बाजूला झाले. ज्या राज्याने विद्यापीठात न शिकलेल्या लक्षावधी गोऱ्यांना ‘आम्ही जिंकलो’ म्हणण्याची मुभा दिली होती, त्याच राज्याने तेथे शिकू इच्छिणाऱ्यांना दार बंद केले होते!

सप्टेंबर १९७० मध्ये बर्मिंगहॅम येथे सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने सॅम कनिंगहॅम आदी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर अलाबामाला ४२ विरुद्ध २१ असे धूळ चारली. या एका सामन्याने अलाबामाचे डोळे उघडले, अशी आख्यायिका आहे. वस्तुस्थिती अशी की विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रायंटने त्यापूर्वीच शिष्यवृत्ती देऊन घेतले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून तो त्या दिवशी मैदानावर नव्हता. परंतु प्रेक्षकांचे मन वळण्यास त्या पराभवाचा हातभार लागला, हे खरे. ल्यूसीबाईंची हकालपट्टी १९८८ मध्ये रद्द झाली आणि १९९२ मध्ये त्यांनी तेथूनच एम. ए. ची पदवी घेतली.

हा दोष केवळ अमेरिकेचा, असे म्हणून आम्हांस हात झटकता येणार नाहीत. मुंबईत जातवार क्रिकेटचे सामने भरत, त्या काळात पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील अलौकिक गोलंदाज हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ होता. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्याच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्याने घेतलेल्या प्रत्येक बळीवर प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. आणि पुण्याच्या हिंदू जिमखान्यावर त्याला चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. कर्णधारपद त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा बंधू विठ्ठल याच्या वाट्याला आले. टाळीला विटाळ नव्हता, पंक्तीला होता.

शाळेत न शिकताही शाळेवर प्रेम करता येते, त्यास पदवीचा दाखला लागत नाही. परंतु त्या प्रेमाला दोन धोके संभवतात. पहिला धोका स्वतः प्रेम करणाऱ्याकडून. नोव्हेंबर २०१० मध्ये शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाने अलाबामाला २८ विरुद्ध २७ असे हरवले. तेव्हा अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्न गावच्या चौकातील दोन जुन्या ओक वृक्षांच्या मुळाशी तणनाशक विष ओतले आणि जानेवारी २०११ मध्ये रेडिओवरील कार्यक्रमात दूरध्वनी करून त्याची फुशारकी मारली. विजयानंतर त्याच झाडांखाली ऑबर्नचे लोक जमत असत. २०१३ मध्ये ती झाडे तोडावी लागली. त्या माणसाला तुरुंगवास झाला. अलाबामा विद्यापीठात तो कधी शिकलेला नव्हता. तथापि त्यावरून सर्वच बाहेरच्या चाहत्यांना झोडपणे अन्यायाचे ठरेल. पदवीधरांनीही विजयाच्या कैफात कमी धुडगूस घातलेला नाही. धडा एवढाच की, ज्याच्या आयुष्यात अभिमानाला दुसरी जागाच उरलेली नाही, त्याचा अभिमान फार लवकर नासतो.

दुसरा धोका संस्थेकडून, आणि आमच्या मते तो अधिक मोठा. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील मध्यवर्ती मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांना आपला माल आपण विकण्याची वाट मोकळी झाली. नोत्र दामने १९९१ पासून एका वाहिनीशी स्वतंत्र करार केला. २०२२ मध्ये ‘बिग टेन’ या विद्यापीठसंघाने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे करार केले. २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा आहे त्या तरुणांना त्यातील हिस्सा मिळाला, हे योग्यच झाले. पण हा पैसा येतो कोठून? वाहिन्या एवढ्या रकमा मोजतात त्या मूठभर पदवीधरांच्या डोळ्यांसाठी नव्हेत. सामना पाहणाऱ्या, सदरे विकत घेणाऱ्या त्या बाहेरच्या लक्षावधींची निष्ठा हीच विक्रीची वस्तू आहे.

आणि विकताना त्यांना कोणी विचारत नाही. ओक्लाहोमा राज्यातील दोन विद्यापीठांमधला शतकाहून अधिक काळ चाललेला वार्षिक सामना २०२३ नंतर थांबला, कारण त्यांतील एका विद्यापीठाला दुसऱ्या गटात अधिक पैसा दिसला. ज्या सामन्यावरून एका घरातील दोन भाऊ वर्षभर एकमेकांना चिडवत, तो हिशेबाच्या एका ओळीत संपला. अलाबामा विद्यापीठात अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी परराज्यांतून आलेले असतात. त्यांच्याकडून शुल्क अधिक मिळते. म्हणजे राज्यातल्या सामान्य माणसाने कर भरावा, शनिवारी गळा काढावा, आणि वर्गातील जागा मात्र दूरच्या धनिकाच्या मुलाने घ्यावी!

याच्या उलट एक चित्र आपल्या जवळचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतील अक्षरशत्रू स्त्रियांनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य दिले. त्याही उंबरठ्याबाहेरच्याच होत्या. पण त्यांनी दिलेल्या मुठीतून त्यांच्याच वाड्यावस्त्यांवरची पोरे शिकून मोठी झाली. दिलेले प्रेम वळून घरी आले.

गोमंतकीयांना तर हे अधिक कळावे. १९६१ पर्यंत येथे कला-विज्ञानाचे एकही महाविद्यालय नव्हते. ज्यांना ऐपत होती त्यांची मुले बेळगाव, पुणे, मुंबई गाठत, इतरांची घरीच राहत. येथील पहिली महाविद्यालये १९६२ मध्ये निघाली आणि गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

म्हणून अमेरिकेतल्या त्या अनोळखी चाहत्याला हसण्यापूर्वी त्याच्या विद्यापीठाला जाब विचारला पाहिजे. महाद्वाराबाहेर उभ्या असलेल्या चोखोबाची भक्ती खरी होती. पण ती खरी होती म्हणून दार उघडण्याचे कर्तव्य आतल्यांना चुकत नव्हते. जी संस्था सर्व जनतेचे प्रेम घेते, तिने त्या जनतेच्या मुलांसाठी वर्गात जागा राखली पाहिजे आणि तिच्या खिशाला परवडेल असे तिकीटही ठेवले पाहिजे. भुयारी रेल्वेने आलेल्या त्या कामगाराला पदवी नको होती. आपल्या नातवाला ती मिळावी, एवढीच त्याची आशा असणार. ती जेथे फळाला आली, तेथे त्याचे ओरडणे सार्थ झाले. जेथे आली नाही, तेथे हरला तो संघ नव्हे, विद्यापीठ.